मेळघाटात तीन रात्री, फोन बंद ठेवून

मेळघाटच्या जंगलातल्या कोलकास, सेमाडोहकडे मुक्कामाला निघालेले बरेच जण धरून चालतात, की तिथं रेंजचा भरवसा नाही, म्हणजे फोन आपोआप सुटेल. तो सुटत नाही. घड्याळ, गजर, टॉर्च, कॅमेरा, पैसे, बुकिंगचा कागद, सगळं त्याच्याच पोटात असतं. वेळ बघायला म्हणून काढला की बोट गॅलरीत शिरतं. म्हणून निघण्याआधी फोनची कामं दुसऱ्या वस्तूंना वाटून द्या.

मनगटी घड्याळ साधं घ्या. स्मार्टवॉच हाही पडदाच. गजराचं वेगळं घड्याळ. माणशी एक टॉर्च आणि सेलचा जादा जोड. रोख रक्कम शंभर-पन्नासच्या नोटांत, कारण रेंज नसेल तिथं यूपीआय अडकतं आणि खानसाम्याकडे सुटे असतीलच असं नाही. बुकिंगची छापील प्रत, मूळ ओळखपत्र, त्याची झेरॉक्स. महत्त्वाचे पाच-सहा नंबर वहीत उतरवा. लिहायला पेन्सिल ठेवा. दवानं सादळलेल्या कागदावर शाई पसरते.

घरी एक चिठ्ठी ठेवा: विश्रामगृहाचं नाव, परतीचा दिवस, आणि 'रविवारी रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर अमुक ठिकाणी चौकशी करा'. ही वेळ ठरलेली नसेल, तर पहिल्याच संध्याकाळी 'पोचलो एवढंच कळवतो' म्हणत कुणीतरी रेंज शोधत फिरू लागतं.

फोन फ्लाइट मोडवर नको, पूर्ण बंद करा. नुसता चालू ठेवून खिशात राहिला तर सिग्नल शोधण्यातच बॅटरी संपते आणि खऱ्या अडचणीत तो कामाचा राहत नाही. सगळ्यांचे फोन एका पिशवीत घालून पिशवी गाडीत कुलूपबंद करा. मोठ्यांचे आधी, मग मुलांचे.

सगळ्यात अवघड पहिली संध्याकाळ. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि जेवणाला दोन तास असतात. 'गप्पा मारू' एवढं पुरत नाही, हातांना काम लागतं. किलोभर मटार सोलायला ठेवा, पत्ते न्या, दिवसभरात दिसलेल्या पक्ष्यांची यादी करा. टॉर्च उभा ठेवून त्यावर पाण्याची भरलेली बाटली धरली की खोलीभर मंद उजेड पडतो. थंडी कितीही असो, कोळशाची शेगडी बंद खोलीत नको: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो. अंधार पडल्यावर आवाराबाहेर पाऊल टाकू नका, हे बिबट्या-अस्वलांचं रान आहे. मार्च-एप्रिलात मोहफुलं गळतात तेव्हा अस्वलं त्या झाडांखाली येतात, तेव्हा पहाटेही जपा.

सकाळ मात्र भरभरून मिळते. सिपना नदीच्या काठावर चौकीदाराला विचारून, त्यानं सांगितलेल्या हद्दीत अर्धा तास एका जागी बसा. पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही. पाखरं तुम्हाला बघून गप्प झालेली असतात. मग एकेक आवाज सुरू होतो. नष्ट झाला असं मानला गेलेला रानपिंगळा (एक छोटं घुबड) १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तो मेळघाटातही आहे, आणि दिवसाही वावरतो. त्याच्यासाठी रात्र जागवावी लागत नाही.

परतताना फोन परतवाड्याला, गाडी थांबवून चालू करा. आधी घरी फोन. साठलेले मेसेज धाडधाड येतील. चालवणाऱ्याच्या हातात फोन देऊ नका.