उड्डाणाचा पहिला धडा भेट देताना या चुका टाळा

बारावीचा निकाल, एखाद्याचा पन्नासावा वाढदिवस किंवा वडिलांची निवृत्ती अशा निमित्ताने छोट्या विमानात प्रशिक्षकाशेजारी बसून उड्डाणाचा पहिला धडा घेण्याची संधी भेट म्हणून देणे ही अतिशय सुंदर कल्पना आहे. विमान स्वतःच्या हातांनी वळते आहे, हा अनुभव पैशांत मोजता येत नाही. तरीही ही भेट अनेकदा फसते, आणि माझ्या मते त्याचे मुख्य कारण म्हणजे सरप्राइजचा अट्टहास. ज्याला भेट द्यायची त्याला काही कळू नये म्हणून वजन, तब्येत, वय, रजा यांबद्दलचा एकही प्रश्न आधी विचारला जात नाही आणि मग धावपट्टीच्या दारात घोडे अडते.

पहिली खातरजमा आपण नेमके काय विकत घेत आहोत याची करावी. ‘विमान उडवण्याचा अनुभव’ या नावाखाली सिम्युलेटरमधील (जमिनीवरच उड्डाणाचा आभास देणाऱ्या यंत्रातील) सत्र, नुसती हवाई सैर, कामशेतचे पॅराग्लायडिंग आणि प्रशिक्षण विमानातील खरा धडा या चारही गोष्टी विकल्या जातात. चारही आपापल्या जागी चांगल्या आहेत, पण खऱ्या धड्याची वाट पाहणाऱ्याला मॉलमधील सिम्युलेटरसमोर बसवले तर त्याचा हिरमोड होणारच. म्हणून विमान कोणते, धडा घेणारा डाव्या आसनावर बसणार का, त्याच्या हाती नियंत्रण दिले जाणार का, संस्था डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांच्या यादीत आहे का आणि असे उड्डाण करण्याची तिला परवानगी आहे का, एवढे प्रश्न लेखी विचारावेत. विम्याचाही प्रश्न त्यातच यावा, कारण अनेक वैयक्तिक अपघात विम्यांमध्ये तिकीट काढून केलेला विमानप्रवास सोडून इतर उड्डाणे वगळलेली असतात.

ठाणे-नवी मुंबईकरांची पुढची चूक अंतराची असते. घराजवळ नवा विमानतळ झाला म्हणून धडाही तिथेच मिळेल, असे समजू नये. तो मोठ्या विमानांच्या वाहतुकीसाठी आहे. जुहूला १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि जे. आर. डी. टाटा यांनी १९२९ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळवला तो तिथेच शिकून, हे खरे असले तरी आज जुहूवर प्रामुख्याने हेलिकॉप्टरची वर्दळ असते. या भागातील लोकांना बहुधा बारामती किंवा धुळे गाठावे लागते. ठाण्याहून बारामती सुमारे अडीचशे किलोमीटर, तर कसारा घाट आणि नाशिकमार्गे धुळे सुमारे तीनशे किलोमीटर आहे. शनिवारी पहाटे निघून दहाच्या वेळेला पोहोचू, असा बेत लोणावळ्याच्या घाटातील एका कोंडीने कोलमडतो. आदल्या रात्री मुक्कामाला जावे आणि त्या मुक्कामाचा खर्च भेटीतच धरावा.

वेळ सकाळचीच मागावी. ऊन तापले की जमिनीवरून गरम हवेचे झोत वर उठतात, छोटे विमान हेलकावे खाते आणि नवख्याला मळमळू लागते. शिवाय गरम, विरळ हवेत पंख आणि इंजिन दोन्हींची ताकद कमी पडते. जून ते सप्टेंबरमधील तारीख घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही, कारण ही उड्डाणे जमीन आणि क्षितिज डोळ्यांना दिसण्यावर अवलंबून असतात आणि पावसाळी ढग ती सहज रद्द करवतात. हवामानामुळे उड्डाण रद्द झाल्यास पुढची तारीख विनाशुल्क मिळेल का, व्हाउचरची मुदत वाढेल का आणि ते दुसऱ्याच्या नावावर करता येईल का, हे पैसे भरण्याआधी ठरवून घ्यावे. प्रशिक्षकाने उड्डाण नाकारले तर त्याच्याशी वाद घालू नये. तो नकार हाही धड्याचाच भाग आहे.

वजनाचा प्रश्न संकोचाने टाळला जातो, पण तो टाळण्यासारखा नाही. प्रशिक्षणासाठी सर्रास वापरले जाणारे दोन आसनांचे सेसना १५२ हे विमान सर्व धरून कमाल ७५७ किलो वजनाने उडू शकते. त्यातील सुमारे पाचशे किलो विमानाचेच असतात आणि भरलेल्या टाक्यांतील इंधनाचे सत्तरच्या आसपास. उरलेल्या सुमारे १८५ किलोंत प्रशिक्षक, शिकणारा आणि सामान बसवायचे असते. धडा घेणारी व्यक्ती धिप्पाड असेल तर चार आसनी सेसना १७२ उपलब्ध आहे का ते विचारावे. आईला किंवा बायकोला मागच्या आसनावर बसवायचे असेल तरीही तेच विमान लागेल, मात्र तशी परवानगी संस्थेकडून आधीच घ्यावी.

‘तीस मिनिटे’ म्हणजे नक्की काय, हेही विचारावे. अनेक ठिकाणी वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते परत थांबेपर्यंत मोजली जाते, त्यामुळे धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्यात दहा मिनिटे सहज जातात आणि हवेतील वेळ वीस मिनिटांवर येते.

तब्येतीबद्दल दोन गोष्टी विशेष सांगायला हव्यात. सर्दीने कान-नाक बंद असताना उडू नये. उतरताना वाढणाऱ्या दाबाने कानात तीव्र वेदना होतात. तसेच मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करून आल्यावर किमान चोवीस तास जाऊ द्यावेत, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. हवेत मळमळू लागलेच तर लाज न बाळगता लगेच प्रशिक्षकाला सांगावे आणि नजर दूर क्षितिजावर ठेवावी.

भेट घेणाऱ्याला आधी सांगून ठेवावी अशी एक बारीक गोष्ट आहे. जमिनीवर छोटे विमान हातातील चाकाने वळत नाही, ते पायांखालच्या पेडलांनी वळते. गाडी चालवायची सवय असलेला नवखा माणूस टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या मार्गावर, हातातील चाक जोरजोरात फिरवत राहतो, विमान मात्र सरळच जाते आणि तो गोंधळतो. पेडल पायाला नीट जाणवावेत म्हणून उंच टाचांची किंवा जाड तळव्यांची पादत्राणे टाळावीत. हवेत चाक मुठीत आवळू नये. बोटांनी हलके धरले की विमानाचा कल जाणवतो. नजर उपकरणांच्या तबकड्यांवर खिळवण्यापेक्षा समोरच्या क्षितिजावर ठेवावी. प्रशिक्षकाकडे नियंत्रणाची दुसरी जोडी असतेच, त्यामुळे आपल्या चुकीने काही अघटित होईल ही भीती मनातून काढून टाकावी. मोबाईलवर चित्रीकरण करण्यापूर्वी मात्र प्रशिक्षकाची परवानगी घ्यावी.

सरकारी ओळखपत्र मूळ प्रतीत न्यावे. परदेशी पासपोर्ट असलेल्या भाच्याला किंवा पुतणीला ही भेट द्यायची असेल तर त्यांच्यासाठी वेगळी सुरक्षा मंजुरी लागते का, हे संस्थेला खूप आधी विचारावे.

धड्यानंतर मूल पुढे शिकायचे म्हणाले, तर हीच मिनिटे परवान्याच्या तासांत धरली जातील असे गृहीत धरू नये. विद्यार्थी वैमानिक परवान्यासाठी वयाची १६ वर्षे पूर्ण असावी लागतात, खासगी वैमानिक परवान्यासाठी १७ वर्षे आणि किमान ४० तासांचे उड्डाण लागते. मोठी फी भरण्यापूर्वी डीजीसीएमान्य डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, म्हणजे दृष्टी किंवा रंगओळखीची अडचण असल्यास ती वेळीच कळेल.