मुलाखत घेणारी फॉर्ममध्ये काय लिहिते

मी खराडीतल्या एका प्रॉडक्ट कंपनीत बॅकएंडचं काम करते आणि आता इंजिनिअरच्या मुलाखतीही घेते. तयारी कशी करू, असं कुणी विचारलं की मी आधी फॉर्मबद्दल सांगते. राउंड संपला की आमच्यासमोर एक फॉर्म उघडतो. घ्यावं की घेऊ नये ते लिहायचं, आणि खाली कारणं. नुसतं 'हुशार वाटला' लिहिलं तर बैठकीत मॅनेजर विचारतो, कशावरून? उमेदवार काय म्हणाला, कुठे अडला, त्यातून कसा बाहेर पडला, सगळं लागतं. गूगलची हायरिंग कमिटी तर प्रसिद्धच आहे. तुम्हाला कधी न भेटलेली माणसं हाच कागद वाचून ठरवतात. तेव्हा तुम्ही जे मोठ्याने बोलत नाही, ते आमच्या लेखी घडलेलंच नसतं.

कोडिंग राउंडपासून सुरुवात करू, कारण गळती तिथेच जास्त. समजा प्रश्न असा: आकड्यांची यादी दिली आहे, त्यातल्या कोणत्या दोघांची बेरीज ठरावीक येते ते शोधा. कोडिंगच्या सरावाची वेबसाइट लीटकोड, तिच्यावरचा पहिलाच प्रश्न. म्हणून लगेच टायपिंग सुरू करू नका. आधी विचारा: यादी सॉर्ट केलेली (क्रमाने लावलेली) आहे का? जोडी सापडलीच नाही तर काय परत करायचं? आणि मुख्य म्हणजे, यादी केवढी? १ लाख आकडे असतील तर एकात एक दोन लूप घालून जवळपास ५०० कोटी जोड्या तपासाव्या लागतात. सेकंदाला १० कोटी साध्या क्रिया असा ढोबळ हिशोब धरला तरी ५० सेकंद गेले. हे तोंडाने बोला: "असं चालेल, पण मिनिटभर लागेल. हॅशमॅप घेतला तर एका फेरीत होईल, मेमरी मात्र यादीच्या प्रमाणात वाढेल." (हॅशमॅप म्हणजे पाहिलेले आकडे साठवून हवा तो लगेच शोधून देणारी रचना.) एवढ्या बोलण्यातून मला फॉर्मच्या तीन ओळी मिळतात.

तोच हॅशमॅप मुकाट्याने लिहून दिलात, तर उत्तर बरोबर असूनही ते सुचलं की पाठ होतं, हे मला कळत नाही. मग मी पीळ देते: आता यादी सॉर्ट केलेली आहे आणि जास्तीची मेमरी वापरायची नाही. किंवा यादी मेमरीत मावतच नाही. पाठांतरवाले इथे थांबतात. म्हणून सराव करताना प्रश्न सुटला की पुढच्यावर उडी मारू नका. त्याच प्रश्नातली एक अट बदला आणि पुन्हा सोडवा. पाचशे प्रश्न उरकण्यापेक्षा असे शंभर केलेले बरे, असं माझं ठाम मत आहे.

कोड लिहून झाला की "डन" म्हणून हात झटकू नका. ३, २, ४ ही यादी आणि ६ ही बेरीज घेऊन एकेक ओळ बोटाने चालवून दाखवा. आकडा आधी मॅपमध्ये टाकून मग जोडीदार शोधत असाल, तर ३ स्वतःशीच जोडी जमवतो. ही चूक मी सांगण्याआधी तुम्हीच पकडलीत, तर चुकीमुळे गुण जात नाहीत, उलट फॉर्मवर चांगली ओळ येते. तसंच बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेली यादी दर वेळी अर्धी करत शोधणं) दोन टोकांची बेरीज करून मधला काढताना बेरीज इंटच्या, म्हणजे पूर्णांक साठवणाऱ्या प्रकाराच्या, मर्यादेबाहेर जाऊ शकते. ही चूक जावाच्या स्टँडर्ड लायब्ररीतही वर्षानुवर्षं होती. २००६ मध्ये तो कोड मुळात लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच त्यावर लिहिलं, तेव्हा त्याचा गाजावाजा झाला.

लातूर, जळगाव, सांगलीकडून आलेली कितीतरी मुलं इथे गप्प होतात ती अल्गोरिदममुळे नाही, इंग्रजीमुळे. त्यावर एकच उपाय मला कामाचा दिसला आहे: प्रश्न सोडवताना मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा, आधी मराठीत, मग इंग्रजीत. वाक्यं छोटी ठेवा. व्याकरण चुकलं तर चुकू दे, फॉर्ममध्ये त्याचा रकाना नाही. विचार करायला वेळ हवा असेल तर तसं सांगून खुशाल दोन मिनिटं शांत बसा. (आणि दुसऱ्या विंडोतल्या एआयचं उत्तर वाचू नका. ते चष्म्यात दिसतं.)

अनुभवी लोकांना सिस्टिम डिझाइनचा राउंड असतो. लांबलचक लिंक छोटी करून देणारी सेवा बनवा, हा त्यातला नेहमीचा प्रश्न. "दिवसाला १० लाख नव्या लिंक" ऐकलं की लोक फळ्यावर काफ्का, शार्डिंग, मायक्रोसर्व्हिस अशी प्रचंड भारासाठीची अवजड साधनं काढत सुटतात. थांबा, ८६,४०० ने भागा. सेकंदाला बाराही लिंक होत नाहीत. गर्दीच्या वेळी पाचपट धरलं तरी साठ. एक साधा पोस्टग्रेस डेटाबेस हे आरामात झेलतो. वाचणारे शंभरपट असतील तर पुढे कॅश (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारा साठा) ठेवा. लिंकच्या छोट्या कोडसाठी a ते z, A ते Z आणि ० ते ९ अशी ६२ चिन्हं घेतली, तर सात अक्षरांत साडेतीन लाख कोटी लिंक बसतात. मग मी विचारते, रीडायरेक्ट, म्हणजे छोट्या लिंकवरून मूळ लिंककडे पाठवणं, ३०१ की ३०२? ३०२ तात्पुरता असतो. ३०१ कायमचा, त्यामुळे ब्राउजर तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तुमच्या सर्व्हरकडे येतच नाही. सर्व्हरवरचा भार कमी होतो, पण क्लिक मोजता येत नाहीत. उत्तर कुठलंही द्या, मला त्यामागचं कारण हवं असतं.

वागणुकीच्या राउंडला मुलं हलक्यात घेतात. अ‍ॅमेझॉनमध्ये तर १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स (कामाची तत्त्वं) आहेत आणि त्यांवरच खोदून विचारतात. शिवाय एक 'बार रेझर' (भरतीचा दर्जा राखणारा मुलाखतकार) बसतो, जो भरती करणाऱ्या टीमचा नसतो. दोन-तीन खरे प्रसंग आकड्यांसकट तयार ठेवा. "आम्ही डेटाबेस हलवला" असं म्हणालात की मी विचारणारच, त्यात तुम्ही काय केलंत? स्क्रिप्ट कुणी लिहिली, बिघडलं तर मागे कसं फिरायचं (रोलबॅक) ते कुणी ठरवलं, रात्री जागं कोण होतं?

शेवटी "काही विचारायचंय?" असं म्हणतात तेव्हा "नो, थँक्यू" नको. ऑनकॉल (बिघाड झाला तर कधीही धावायची पाळी) किती आठवड्यांनी येतो, गेल्या महिन्यात रात्री किती वेळा उठावं लागलं, कोड लिहिल्यापासून प्रॉडक्शनला जायला किती दिवस लागतात, हे विचारा. समोरचा चाचरला तर तेही उत्तरच.

पगाराची बोलणी एचआरशी. सीटीसीच्या (कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चाच्या) आकड्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ (साधारण बेसिकच्या १२ टक्के), ग्रॅच्युइटी (बेसिकच्या ४.८१ टक्के), व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) आणि बऱ्याचदा चार वर्षांत मिळणारे शेअर्सही धरलेले असतात. म्हणून दर महिन्याला हातात किती पडणार याची फोड ईमेलवर मागा. जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडलं तर परत करावा लागतो का, तेही त्याच ईमेलमध्ये विचारा. आणि आताच्या कंपनीचा नोटिस पीरियड नव्वद दिवसांचा असेल तर पहिल्याच फोनवर सांगून टाका. चार राउंड झाल्यावर "एवढं थांबता येणार नाही" ऐकण्यापेक्षा ते बरं. सही केलेलं ऑफर लेटर हातात येईपर्यंत राजीनाम्याचा ईमेल ड्राफ्टमध्येच राहू द्या.