ओएसचं व्हर्जन तपासणारी स्क्रिप्ट लिहिताय? या चुका टाळा

इन्स्टॉल स्क्रिप्ट एरर देऊन थांबली तर सुटलो म्हणायचं. खरा ताप देते ती निमूटपणे भलत्याच वाटेला लागणारी स्क्रिप्ट. व्हर्जन तपासणाऱ्या ओळींत हे हमखास घडतं.

सगळ्यात छुपी चूक म्हणजे एकेरी चौकोनी कंसात > हे चिन्ह वापरणं. आपल्याला वाटतं ‘व्हर्जन ७ पेक्षा मोठं आहे का’ असं विचारलं. शेलला (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) मात्र ऐकू येतं, ‘आउटपुट ७ नावाच्या फाइलमध्ये टाक’. मग चालू फोल्डरमध्ये ‘७’ नावाची रिकामी फाइल जन्माला येते आणि व्हेरिएबल रिकामं नसेल तर अट दरवेळी खरी ठरते. सर्व्हरवर अशी बेवारस फाइल सापडली, तर चोर कोण ते शोधायला फार लांब जावं लागत नाही.

मग कुणीतरी -जीटी (‘पेक्षा मोठं’) वापरायला सांगतं. ते फक्त पूर्णांकांवर चालतं. २२.०४ दिलं की बॅश हा शेल कुरकुरतो, अट खोटी धरतो आणि पुढे जातो. चूक होताच स्क्रिप्ट थांबवणारं सेट -ई लावलेलं असलं तरी इफच्या अटीत ते लागू होत नाही, त्यामुळे तेही वाचवत नाही. दुहेरी कंसात > ही तुलनाच असते, पण शब्दकोशाच्या क्रमाने, म्हणून १०.९ हे १०.१० पेक्षा मोठं ठरतं. ऑक या कमांडमध्ये दशांश म्हणून बघाल तर १०.१० आणि १०.१ एकच. टिंबं काढून टाकायची युक्ती तर आणखी वाईट: मॅकओएस १०.१५.७ चे होतात १०१५७, आणि ११.६ चे ११६!

मॅकने २०२० साली अशा बऱ्याच स्क्रिप्ट उघड्या पाडल्या. पहिला आकडा कायम १० आणि खरी ओळख दुसऱ्या आकड्यात, असं धरून चाललेल्यांना बिग सर या मॅकओएसच्या ११.० मध्ये दुसरा आकडा शून्य दिसला. भर म्हणजे जुन्या प्रोग्रॅमना हीच सिस्टम स्वतःचं व्हर्जन १०.१६ सांगते. २०२५ मध्ये तर १५ नंतर थेट २६ आलं.

उपाय साधा आहे. किमान हवं ते आणि सिस्टमवर असलेलं, अशी दोन्ही व्हर्जन वेगवेगळ्या ओळींत व्हर्जनच्या क्रमाने लावणाऱ्या सॉर्ट -व्ही कडे पाठवा. पहिल्या ओळीत किमान व्हर्जन आलं तर पास. डेबियन आणि उबुंटूवर डीपीकेजी या पॅकेज सांभाळणाऱ्या कमांडकडे व्हर्जन तुलनेची स्वतःची सोयही आहे.

लिनक्सवर माहिती घ्यायची ती ईटीसी फोल्डरमधल्या ओएस-रिलीज फाइलमधून. युनेम -आर ही कमांड कर्नलचं, म्हणजे ओएसच्या गाभ्याचं, व्हर्जन सांगते. कंटेनरमध्ये तर ते होस्टचं, म्हणजे कंटेनर ज्या मशीनवर चालतो त्याचं, असतं. एलएसबी_रिलीज ही कमांड छोट्या कंटेनर इमेजमध्ये बहुधा नसतेच. पण ओएस-रिलीज ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या कमांडने) वाचायला गेलात की दोन खड्डे आहेत. ‘आयडी=’ शोधलं की ‘व्हर्जन_आयडी=’ ही ओळही हाती येते, म्हणून आधी ^ (ओळीची सुरुवात) लावा. दुसरं, उबुंटूमध्ये आकड्याभोवती डबल कोट्स असतात, फेडोरात नसतात. त्यामुळे फेडोरावर छान चाललेली तुलना उबुंटूवर आपटते. त्यापेक्षा फाइल सोर्स करा (शेलकडूनच वाचून घ्या), तीही सब-शेलमध्ये, म्हणजे वेगळ्या उपशेलमध्ये, नाहीतर तुमच्या स्क्रिप्टमधली नेम आणि व्हर्जन ही व्हेरिएबल गुपचूप बदलतील. व्हर्जन_आयडी रिकामं असू शकतं हेही धरून चाला: आर्चमध्ये किंवा डेबियन टेस्टिंगवर ते नसतं.

नुसता आकडा बघून डिस्ट्रोची (लिनक्सच्या एखाद्या प्रकाराची) लायकी ठरवू नका. लिनक्स मिंट २१ उबुंटू २२.०४ वर उभं आहे, पण आयडी_लाइकमध्ये (कुठल्या डिस्ट्रोशी नातं आहे ते सांगणाऱ्या ओळीत) उबुंटू दिसला म्हणून २१ ची तुलना २२.०४ शी केलीत तर चांगली सिस्टम ‘जुनी’ म्हणून नाकारली जाईल. ॲमेझॉन लिनक्सची व्हर्जन २ आणि २०२३ अशी आहेत. ती रेड हॅटच्या आकड्यांशी ताडून काहीच हाती लागत नाही.

आणि एवढं सगळं नीट लिहूनही वरच्या ओळीत एसएच असेल, तर उबुंटूवर ती स्क्रिप्ट बॅशऐवजी डॅश हा साधा शेल चालवतो. त्याला दुहेरी कंस माहीतच नाहीत. तो ‘नॉट फाउंड’ म्हणतो आणि सरळ एल्समध्ये जातो. लॉगमध्ये ती एकच ओळ इतर शंभर ओळींखाली दबते. शंका आली तर स्क्रिप्ट -एक्स लावून चालवा, कुठली अट कशी सुटली ते ओळीओळीने दिसतं.

मुळात बऱ्याचदा व्हर्जन विचारायची गरजच नसते. सिस्टमडी (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) चालू आहे का हे हवं असेल तर रन फोल्डरमध्ये सिस्टमडीच्या फोल्डरात सिस्टम हे फोल्डर आहे का बघा. एखादी कमांड हवी असेल तर कमांड -व्ही ला विचारा. इथली व्ही लहान लिपीतली, सॉर्टची मोठी.