परसबागेत भाजी लावताय? या चुका टाळा, निम्मी औषधं लागणारच नाहीत

पान पिवळं पडलं, फुलं गळायला लागली की बहुतेक जण आधी विचारतात, "कुठलं औषध मारू?" व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला की जो तो वेगळं नाव सांगतो आणि मग एकाच आठवड्यात त्या झाडावर तीन-चार फवारे होतात, आणि खरं कारण तसंच राहतं. घरामागच्या छोट्या तुकड्यात बऱ्याचशा तक्रारी पाणी, ऊन नाहीतर सीझन चुकल्यामुळे येतात. ते तपासा आधी. औषध शेवटी.

पाण्यापासून सुरू करू कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. रोज सकाळ-संध्याकाळ पाइप धरून वरवर शिंपडलं की वरची इंचभर माती ओली दिसते, खाली कोरडी, मग मुळंपण वरच राहतात आणि एक दिवस पाणी चुकलं की झाड माना टाकतं. देशावरच्या काळ्या मातीत याच्या उलट होतं, ती माती पाणी धरून ठेवते, रोज घातलं की मुळांना हवाच मिळत नाही आणि झाड सुकल्यासारखं दिसतं, मग माणूस अजून पाणी घालतो आणि झाड जातं. कोकणातल्या लाल मातीत पाणी पटकन खाली निघून जातं, तिथे थोडं थोडं पण लवकर लवकर द्यावं लागतं. म्हणून दुसऱ्याचं वेळापत्रक कॉपी करू नका, बोट दोन पेरं मातीत घाला, आत ओल लागली तर आज पाणी नको. आणि हो, दुपारच्या उन्हात काकडी-भोपळ्याची मोठी पानं मलूल होतातच, संध्याकाळी परत ताठ झाली तर काही बिघडलेलं नाही. सकाळी सकाळीच मलूल असतील तर मात्र लक्ष द्या.

टोमॅटोचं बूड काळं पडून आत खोलगट होतं ना, तोसुद्धा बऱ्याचदा पाण्याचाच प्रॉब्लेम असतो. फळाला कॅल्शियम पाण्याबरोबर पोचतं, चार दिवस कोरडं आणि मग एकदम भरपूर पाणी असं झालं की ते नीट पोचत नाही. लोक अंड्याची टरफलं टाकतात, पण ती कुजायला खूप वेळ लागतो, चालू पिकाला त्याचा उपयोग नाही. झाडाच्या बुडाशी वाळलेला पाला किंवा उसाचं पाचट पसरा, पाणी एकसारखं ठेवा, खराब फळं काढून टाका, पुढची फळं सुधारतात.

ऊन. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी यांना थेट सहा तास तरी हवंच. पालक-मेथी तीन-चार तासांत भागवतात. यात एक गोष्ट कुणी सांगत नाही, मे महिन्यात जिथे मस्त ऊन येतं तिथे डिसेंबरात येईलच असं नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, सहा फुटी कंपाउंडची सावली तेव्हा भर दुपारीसुद्धा उत्तरेकडे पाच फुटांच्या वर पडते आणि तुमचा अख्खा वाफा त्यात जातो. जागा ठरवण्याआधी हा विचार करा.

नर्सरीत रोप मिळालं म्हणजे त्याचा सीझन आहे असं समजू नका. फ्लॉवर, कोबी, मटार, गाजर ही थंडीची कामं, पावसाळा सरता सरता तयारीला लागा. उन्हाळ्यात भेंडी, गवार, काकडी, दुधी लावा. कोथिंबीर कडक उन्हात लगेच फुलावर येते, त्यात बियाण्याचा दोष नाही. स्वयंपाकघरातले धने पण चालतात, फक्त आख्खे टाकू नका, हलक्या हाताने रगडून दोन फाकी करा आणि मग पेरा.

शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला. काळपट, भुसभुशीत, मातीसारखा वास, हे ओळखायचं. ताज्या शेणाने उष्णता होते, त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, तणाचं बी पण येतं. आणि झाड हिरवंगार, उंच, पण फळाचा पत्ता नाही असं असेल तर युरिया नाहीतर नत्राचं दुसरं काही जास्त पडलंय, ते थांबवा.

आता वेलांबद्दल थोडं सविस्तर, कारण "फुलं भरपूर पण फळ धरत नाही" ही तक्रार कायम असते. दुधी, काकडी, भोपळ्याला नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात आणि सहसा सुरुवातीला नुसती नरच येतात, ती गळणारच. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ आधीपासून दिसतं. तेच पिवळं पडून गळत असेल तर बहुतेक परागीभवन झालेलं नाही. ते हाताने करता येतं, त्याच दिवशी उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधली पिवळी भुकटी मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवा. वेळ महत्त्वाची! काकडी, भोपळा, कारलं, घोसाळं सकाळी उमलतात, पण दुधी आणि दोडका संध्याकाळी, त्यामुळे दुधीला सकाळी दहा वाजता जाऊन काही होत नाही.

हे सगळं करूनही फळ वाकडं होतंय, त्यावर टोचल्यासारखा डाग आहे, तर कापून बघा, आत पांढऱ्या अळ्या असतील तर ती फळमाशी. अशी फळं कंपोस्टमध्ये किंवा वाफ्यात टाकू नका, अळ्या मातीत जाऊन कोष करतात आणि पुन्हा माशा होतात. जाड प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. सापळा घेताना क्यू-ल्यूरचा (हा माशीला ओढून घेणारा वास) मागा, आंब्याच्या माशीसाठी मिथाइल युजेनॉलचा मिळतो तो वेलांवरच्या माशीला चालत नाही. लहान फळांना कागदी पिशवी बांधणं तर सगळ्यात स्वस्त.

मिरचीची पानं आकसली की लगेच चुरडामुरडा (विषाणूचा रोग) म्हणून सोडून देऊ नका, पान उलटं करून नीट बघा. कडा वर वळल्यात तर बहुतेक फुलकिडे, खाली वळल्यात तर कोळी (घरातला कोळी नव्हे, दोन्ही रस शोषणाऱ्या बारीक किडी). लवकर लक्षात आलं तर निंबोळी अर्काने बराच फरक पडतो. 50 ग्रॅम निंबोळी पावडर 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, थोडं साबणाचं पाणी मिसळा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात. भेंडीच्या शिरा पिवळ्या झाल्या तर मात्र तो हळद्या, त्याला औषध नाही, झाड उपटून लांब टाका, कारण पांढरी माशी तो बाकीच्या झाडांवर नेते.

शेवटची चूक म्हणजे त्याच वाफ्यात टोमॅटो काढून वांगी आणि वांगी काढून मिरची. तिन्ही एकाच कुळातली, रोग-किडी पण त्याच. झाड खुरटलंय आणि कारण कळत नाहीये तर एक उपटून मुळं धुऊन बघा, मुळंच जागोजागी फुगून गाठी झाल्या असतील तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत) आहेत, तिथे वर्षभर तरी या कुळातलं काही नको, झेंडू लावा आणि निंबोळी पेंड मिसळा. चवळी-वालाच्या मुळांवरच्या गाठी वेगळ्या, त्या नखाने सहज सुटतात आणि आतून गुलाबीसर असतात, त्या चांगल्या, हवेतलं नत्र त्याच धरतात. म्हणून चवळी संपली की झाड उपटू नका, बुडाशी कापा आणि मुळं मातीतच राहू द्या.