रानडुकरापासून बचावासाठी पिस्तूल की काठी?
ठाण्यात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या येऊरच्या जंगलाच्या बाजूला राहणारे काही जण रानडुकरांच्या भीतीने परवान्याचे रिव्हॉल्व्हर घ्यावे का, असे मला कळकळीने विचारतात, आणि माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी असते. सर्वसामान्य परवानाधारकाला मिळणारे पॉइंट ३२ बोरचे (सुमारे ०.३२ इंच व्यासाच्या नळीचे) हत्यार मुसंडी मारणाऱ्या, जाड कातडीच्या नराला जागीच थांबवील याची खात्री नसते. जखमी झालेले जनावर तर अधिकच धोकादायक ठरते. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही.

त्यापेक्षा पाच फुटी वेळूची काठी आणि प्रखर टॉर्च जवळ बाळगावी. वाटेकडेची माती नुकतीच उकरलेली, ओलसर आणि मुळे उघडी पडलेली दिसली, तर कळप जवळपास असू शकतो, म्हणून बोलत, काठी आपटत चालावे. अंगावर पिवळसर पट्टे असलेली पिल्ले दिसल्यास आई करवंदीच्या जाळीत असणारच असे धरून, आल्या वाटेने हळूहळू मागे फिरावे. कुत्रा मोकळा सोडू नये, कारण बिथरलेल्या डुकराला तो थेट आपल्याच पायाशी घेऊन येतो. डुक्कर धावून आलेच, तर झाडाच्या बुंध्याआड जावे किंवा कठड्यावर चढावे; त्याचे सुळे खालून वर फाडत जातात आणि घाव बहुधा मांडीवर बसतो. चावा किंवा जखम झाल्यास साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी.