मऊ प्लॅस्टिकमधले थॅलेट ओळखायचे आणि टाळायचे कसे?

तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात सोडलेली पारदर्शक नळी आठवा. नवी असते तेव्हा बोटाभोवती सहज गुंडाळता येते. बरेच महिने तेलात राहिली की ताठ होते आणि वाकवायला गेलं तर मोडेल की काय असं वाटतं. आपण म्हणतो, नळी जुनी झाली. खरं तर तिला मऊ ठेवणारा पदार्थ हळूहळू डब्यातल्या तेलात उतरलेला असतो. त्याच तेलाची आपण रोज फोडणी करतो.

या पदार्थाला प्लॅस्टिसायझर म्हणतात. ती नळी पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकची असते आणि पीव्हीसी मुळात मऊ नसतंच; बाथरूमच्या पांढऱ्या किंवा करड्या पाइपासारखं ते कडक असतं. १९२६ साली अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीतल्या वॉल्डो सेमन यांनी ते मऊ करण्याची युक्ती शोधली आणि तिथून रेनकोट, रेक्झिन, वायरींची आवरणं, बाहुल्या, सलाइनच्या पिशव्या असा पसारा वाढत गेला. उकडलेल्या शेवयांना तेल लावलं की त्या सुट्या होऊन एकमेकींवरून सरकतात, तसा हा द्रव पीव्हीसीच्या लांब साखळ्यांमध्ये शिरून त्यांना सरकतं ठेवतो. त्यासाठी सर्वांत जास्त वापरलं गेलेलं कुटुंब म्हणजे थॅलेट. आपल्या बाजारात ‘डीओपी’ नावाने जे पिंपांतून विकलं जातं ते डीईएचपी हे त्यातलं सर्वांत परिचित. ते बनतं थॅलिक अनहायड्राइड आणि एका अल्कोहोलपासून. थॅलिक अनहायड्राइडचा मोठा कारखाना आपल्याच रायगड जिल्ह्यात, तळोज्याला आहे.

हा द्रव थोडाथोडका नसतो. रक्ताच्या किंवा सलाइनच्या मऊ पिशवीत वजनाच्या ३० ते ४० टक्के डीईएचपी असू शकतं. आणि तो प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, नुसता अडकून असतो. त्यामुळे उष्णता मिळाली किंवा तेल-तूप भेटलं की बाहेर पडतो. पाण्यात मात्र फारच कमी विरघळतो. एवढं लक्षात ठेवलं तरी घरात काय आधी हलवायचं हे कळतं.

काळजी कशाची? प्राण्यांवरच्या प्रयोगांत डीईएचपी, डीबीपी, बीबीपी यांसारख्या थॅलेटांमुळे पोटातल्या नर पिलांच्या जननेंद्रियांच्या वाढीत बिघाड झालेला दिसला आहे, कारण ती पुरुषी संप्रेरकांच्या कामात अडथळा आणतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने डीईएचपीला ‘कदाचित कर्करोगकारक’ या २ब गटात ठेवलं आहे. म्हणून गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्यासाठी जास्त जपायचं. दिलासा एवढाच की शरीर ही रसायनं साठवून ठेवत नाही. एक-दोन दिवसांत बहुतेक भाग लघवीवाटे निघून जातो. आज सवय बदलली तर या आठवड्यातच शरीरातलं प्रमाण उतरू लागतं. त्यासाठी घर रिकामं करायची गरज नाही, क्रम लावायची गरज आहे.

पायरी १: घरातलं मऊ पीव्हीसी ओळखा

सुरुवात कंपास पेटीपासून करा. खोडरबर प्लॅस्टिकच्या पट्टीला टेकून महिनाभर राहिलं असेल, तर पट्टीवर रबराच्या आकाराचा खळगा पडलेला दिसेल. कधी दोन्ही इतकं घट्ट चिकटतं की ओढून काढताना पट्टीवरचे आकडेही निघून येतात. बाजारातली बरीच खोडरबरं रबराची नसतात, मऊ पीव्हीसीची असतात. पट्टी असते पॉलिस्टायरीनची. रबरातला प्लॅस्टिसायझर पट्टीत शिरतो आणि तिला विरघळवतो. खोडरबराला कागदी वेष्टन असतं ते याचसाठी, म्हणून ते फाडून टाकू नका.

याच गोष्टीची घरगुती चाचणी करता येते. सीडीचं जुनं कडक पारदर्शक कव्हर घ्या. तेही पॉलिस्टायरीनचंच असतं. संशय असलेल्या वस्तूचा सपाट भाग त्यावर ठेवा, वरून वजन ठेवा आणि काही आठवडे उबदार जागी राहू द्या. कव्हरवर धुरकट किंवा चिकट ठसा उठला, तर वस्तूतून प्लॅस्टिसायझर बाहेर पडतोय हे नक्की.

लगेच उत्तर हवं असेल तर पाण्याची चाचणी करा. वस्तूचा छोटा भरीव तुकडा पाण्यात बुडवा आणि त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने पुसून काढा. पाण्यात साबणाचा थेंब टाकला तर ते लवकर सुटतात. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन आणि चपलांचं ईव्हीए तरंगतं. पीव्हीसी बुडतं. तरंगलं तर चिंता मिटली. बुडलं तर ते पीव्हीसी असेल, सिलिकॉन असेल किंवा भराव घातलेलं रबर असेल. नळ्यांच्या बाबतीत फरक डोळ्यांनाही दिसतो: सिलिकॉनची नळी दुधाळ दिसते, पीव्हीसीची काचेसारखी स्वच्छ. शिवाय नव्या मऊ पीव्हीसीला नव्या रेनकोटाचा तो ओळखीचा वास असतो.

वस्तूच्या तळाशी त्रिकोणात ३ हा आकडा असेल तर ते पीव्हीसीच. १ आकड्याची पाण्याची बाटली, दुधाची पिशवी, ५ आकड्याचे डबे यांना मऊ करण्यासाठी थॅलेट लागत नाहीत. ही प्लॅस्टिकं टाळायची वेगळी कारणं असू शकतात, पण या यादीत ती येत नाहीत. ‘बीपीए-फ्री’ लिहिलेलं पाहून निर्धास्त होऊ नका. बीपीए हे निराळं रसायन आहे, त्या शिक्क्यावरून थॅलेटबद्दल काहीच कळत नाही.

या चाचण्या प्लॅस्टिसायझर आहे की नाही एवढंच सांगतात. तो थॅलेट आहे की दुसरा कुठला, हे प्रयोगशाळेतच कळतं. तरीही वस्तू तेलाशी किंवा मुलाच्या तोंडाशी येत असेल, तर मी तिच्यात थॅलेट आहे असं धरूनच चालते.

पायरी २: तेल-तुपाच्या वाटेतलं मऊ प्लॅस्टिक काढा

सगळ्यात जास्त फायदा इथे आहे, म्हणून वेळही इथेच घालवा.

डब्यातली नळी आधी काढा. स्टीलचा पळा किंवा चंचूचं भांडं घ्या, किंवा डबा वाकवून तेल थेट किटलीत ओता. पंपच हवा असेल तर खाद्यपदार्थांसाठीची सिलिकॉन नळी लावा. तुमचा किराणावाला नळीने सुटं तेल काढून देत असेल तर त्याच्याशीही बोला. त्याच्या एका नळीतून पन्नास घरांत तेल जातं.

मग बरण्यांची झाकणं बघा. विकतच्या लोणच्याच्या, पीनट बटरच्या काचेच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण उलटं करा. आत कडेने पांढरट मऊ कडं दिसेल. ते बहुतेक वेळा मऊ पीव्हीसीचं असतं. त्यात थॅलेटच असेल असं नाही, पण जो काही प्लॅस्टिसायझर असेल तो तेल लागलं की सुटतो. अशा बाटल्या कपाटात आडव्या किंवा उलट्या ठेवू नका, तेल झाकणाला लागता कामा नये. रिकाम्या बाटल्या धुऊन त्यात घरचं तेलकट लोणचं भरायची सवय बऱ्याच घरांत आहे. त्या बाटलीत साखर, डाळ, मीठ खुशाल भरा. लोणच्याला चिनी मातीची बरणी आणि तिच्या तोंडाला कापडाचा दादरा, ही जुनी पद्धत या बाबतीत अगदी निर्धोक आहे.

पदार्थावर ताणून लावायची पातळ फिल्म घेताना खोक्यावर पॉलिथिलीन लिहिलंय का ते बघा. पीव्हीसीची असेल तर गरम किंवा तुपकट पदार्थाला लावू नका. चीज, पनीर, मिठाई अशा फिल्ममध्ये गुंडाळून मिळालं तर घरी आल्यावर लगेच डब्यात काढा.

हातमोज्यांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. जपानमध्ये तयार जेवणाच्या डब्यांत डीईएचपी जास्त सापडलं, तेव्हा त्याचा माग अन्न हाताळणाऱ्यांच्या पीव्हीसी मोज्यांपर्यंत गेला. मोज्यांवर निर्जंतुकीकरणासाठी मारलेलं अल्कोहोल ते आणखी सोडवत होतं. २००० साली तिथल्या आरोग्य मंत्रालयाने असे मोजे अन्नासाठी वापरू नका असं कळवलं आणि नंतर डब्यांतलं प्रमाण घटलं. तुमचा डब्यांचा किंवा केटरिंगचा व्यवसाय असेल, तर ‘विनायल’ (म्हणजे पीव्हीसीच) लिहिलेले मोजे सोडून नायट्राइल रबराचे किंवा पातळ पॉलिथिलीनचे घ्या.

दुधाचा धंदा असलेल्यांसाठीही एक गोष्ट. दूध काढायच्या यंत्राच्या पारदर्शक नळ्या मऊ पीव्हीसीच्या असतील, तर धारेचं कोमट, स्निग्ध दूध रोज त्यातून वाहतं. नळ्या बदलायची वेळ आली की सिलिकॉनच्या मागवा. महाग पडतात, पण जास्त टिकतात.

पायरी ३: मुलांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तू

दात येणारं बाळ हाताला लागेल ते चावतं, आणि लाळेत चावून चावून प्लॅस्टिसायझर सुटतो. पिळल्यावर आवाज करणारे मऊ प्राणी, मऊ चेहऱ्याच्या बाहुल्या, हवा भरायची खेळणी यांची छाननी करा. अमेरिकेत २००८च्या कायद्याने खेळण्यांतल्या ठरावीक थॅलेटांवर ०.१ टक्क्याची मर्यादा आली. आपल्याकडे १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे आणि त्यामागच्या आयएस ९८७३ मानकाचा नववा भाग खास थॅलेटांसाठी आहे.

म्हणून खेळण्यावर, निदान खोक्यावर, ते चिन्ह शोधा. जत्रेतलं, सिग्नलवरचं, रस्त्यावरच्या ढिगातलं मऊ खेळणं तोंडात घालायच्या वयाच्या मुलाला देऊ नका. थोरल्या भावंडांची २०२१आधीची मऊ खेळणी धाकट्याकडे येतात, तीही बाजूला काढा. चिकट लागत असतील तर नक्कीच. ठोकळे, गाड्या अशी कडक खेळणी या कारणासाठी टाकायची गरज नाही. सावंतवाडीची लाकडी खेळणी मिळाली तर उत्तमच.

पायरी ४: धूळ आणि हवा

विनायलची जमीन, रेक्झिनचा सोफा, पीव्हीसीचे पडदे यांतून थॅलेट संथपणे हवेत येतात आणि धुळीवर बसतात. रांगणारं मूल त्याच धुळीत हात ठेवतं आणि तेच हात तोंडात घालतं. झाडूने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा आणि जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवा. नवी गाडी उन्हात उभी असेल तर बसण्याआधी दारं उघडून हवा जाऊ द्या. काचेच्या आतल्या बाजूला जो तेलकट पडदा धरतो, त्यात डॅशबोर्डमधून सुटलेला प्लॅस्टिसायझरही असतो.

अगरबत्तीच्या सुगंधात डीईपी नावाचं थॅलेट सर्रास मिसळतात. ते डीईएचपीइतकं काळजीचं नाही. तरी बंद खोलीत, बाळाच्या उशाशी उदबत्ती लावू नये.

पायरी ५: रबराच्या वस्तू

गॅसची नळी, कुकरची रिंग यांच्यातलं नायट्राइल रबर लवचिक करायलाही डीओपी वापरतात. पण गॅसची नळी अन्नाला लागत नाही, तेव्हा थॅलेटच्या भीतीने तिला हात लावू नका. आयएस ९५७३ छापलेली नळी घ्या आणि मुदतीत बदला. कुकरच्या रिंगचं वेगळं आहे. ती वाफेत आणि अन्नाजवळ असते. कंपनीचीच किंवा आयएस ७४६६ लिहिलेली रिंग घ्या, फुटपाथवरची बिननावाची नको.

पायरी ६: जिथे टाळू नये तिथे टाळू नका

घरचं कुणी रुग्णालयात असेल तर सलाइन, रक्त, डायलिसिस यांना प्लॅस्टिकच्या कारणाने नकार देऊ नका. रक्ताच्या पिशवीतलं डीईएचपी तांबड्या पेशी फुटण्यापासून वाचवतं, म्हणून ते तिथून काढणं सोपं गेलेलं नाही. उपचाराचा फायदा या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. नवजात बाळ बरेच दिवस अतिदक्षता विभागात राहणार असेल, तर ‘डीईएचपी नसलेल्या नळ्या मिळतील का’ असं डॉक्टरांना जरूर विचारा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२मध्येच अशा बाळांसाठी, विशेषतः मुलग्यांसाठी, शक्य तिथे पर्याय वापरायला सांगितलं होतं.

पायरी ७: नवं घेताना काय विचाराल, जुन्याचं काय कराल

दुकानदाराला ‘थॅलेट आहे का’ विचारलं तर तो गोंधळेल. ‘नॉन-थॅलेट आहे का, डीओपी-फ्री आहे का’ असं विचारा. हे शब्द वेष्टनावर आणि घाऊक बाजारात चालतात. माहितीपत्रकात डीओटीपी दिसलं तर ते डीओपी समजू नका. त्याची घडण वेगळी आहे आणि पर्याय म्हणूनच ते आलं आहे. डीआयएनसीएच आणि सोयाबीन तेलापासून केलेलं ईएसबीओ हेही पर्यायच.

बाजूला काढलेली तेलाची नळी झाडांना पाणी घालायला चालेल, रेक्झिन सामान झाकायला चालेल. बाकीचं सुक्या कचऱ्यात द्या. चुलीत किंवा पाण्याच्या बंबात मात्र पीव्हीसीचा एक तुकडाही टाकू नका. जळताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो, डायॉक्सिन तयार होतात, आणि तो धूर बंब पेटवणाऱ्या माणसाच्या छातीत आधी जातो.