दालमेशियाचा किनारा आणि बेटे : गाडीने निवांत सहल कशी आखावी

क्रोएशियाच्या दालमेशिया किनाऱ्याची सहल ठरवताना आपण बहुधा आधी स्थळांची यादी करतो आणि मग ती दिवसांत कोंबतो. त्याऐवजी फेरीबोटींचे वेळापत्रक समोर ठेवून त्याभोवती मुक्काम बसवावेत, कारण बेटांवरचा दिवस बोटीच्या वेळेवरच चालतो. दहा-अकरा रात्री हाताशी असतील तर मुख्य भूमीवरचे स्प्लिट शहर आणि ह्वार व कोर्चुला ही बेटे एवढीच ठिकाणे घ्यावीत. परतीच्या विमानाआधीची एक रात्र सोडली तर चौथ्याचा मोह आवरावा.

जुलै-ऑगस्टमध्ये धक्क्यावर गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागतात. मुंबईतील शाळांची उन्हाळी सुट्टी चालू असतानाच, म्हणजे मेअखेर किंवा जूनच्या आरंभी, जाणे उत्तम. मुलांची अडचण नसेल तर सप्टेंबरात समुद्र अधिक उबदार असतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे आणि तेथे युरो चालतो. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येत असल्यामुळे सुट्टीच्या गर्दीपूर्वीच तो उरकावा. मूळ लायसन्ससोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहनपरवानाही काढून घ्यावा.

गाडी उजव्या बाजूने चालवायची आणि गिअर उजव्या हाताने टाकायचे, त्यामुळे थोडे जास्त भाडे पडले तरी ऑटोमॅटिक गाडीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अनामत रक्कम सहसा चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवली जाते. गाडी बोटीवर नेण्याची परवानगी आहे का आणि तेथील नुकसान विम्यात धरले जाते का, हे लेखी विचारून घ्यावे.

स्प्लिटमध्ये मात्र गाडीची गरज नाही. तेथील जुने शहर रोमन सम्राट डायोक्लिशनच्या सुमारे १७०० वर्षांपूर्वीच्या राजवाड्यातच वसलेले असून तेथे पायीच हिंडावे लागते. गाडी निघण्याच्या सकाळी ताब्यात घ्यावी. ह्वार बेटाला जाणारी मोटारींची बोट तेथील स्तारी ग्राद या गावी लागते, तर थेट ह्वार शहरात जाणाऱ्या कॅटमरानमध्ये, म्हणजे वेगवान प्रवासी बोटीत, फक्त माणसे जातात. तिकीट काढताना येथेच अनेकांचा घोळ होतो. मांडव्याच्या रो-रोची सवय असलेल्यांना गाडी बोटीत घालण्याचे नवल वाटणार नाही, पण तिकीट हाती असले तरी गर्दीत रांगेच्या क्रमानेच गाड्या चढतात, म्हणून तासभर आधी पोहोचावे. आपल्या बंदराच्या नावाच्या फलकाखाली गाडी लावावी, कर्मचारी खूण करील तसे पुढे सरकावे, हँडब्रेक ओढावा आणि पाणी, टोपी व पासपोर्ट घेऊन वरच्या डेकवर जावे.

ह्वारच्या पूर्व टोकाच्या सुचुराजहून मुख्य भूमीवरच्या द्रवेनिकला बोटीने उतरून किनाऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघावे. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाच द्वीपकल्पाला जोडणारा पूल खुला झाल्यापासून वाटेतील, शेंगेनबाहेरच्या बोस्नियाचा पट्टा टाळता येतो. एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा असणाऱ्यांसाठी ही मोठीच सोय आहे. पुढे याच द्वीपकल्पावरच्या ओरेबिचहून कोर्चुलाची बोट जेमतेम पाव तासाची आहे.

राहण्यासाठी स्वयंपाकघर असलेले अपार्टमेंट पाहावे. स्प्लिटच्या राजवाड्याच्या पूर्व भिंतीलगतच्या मंडईत भाजी-फळे मिळतात, आणि सोबत मेतकूट नेले असेल तर शाकाहारी मंडळींची रात्रीची चिंता मिटते. शेवटची रात्र दुब्रोव्निकला, मुख्य भूमीवर, काढावी. ईशान्येकडून येणारा बुरा वारा सुटला तर बोटी रद्द होतात आणि मुंबईचे विमान आपल्यासाठी थांबत नाही.